सूर्याच्या दोन्ही टोकांना एकच ध्रुव? चार ध्रुव? – सूर्याचा चुंबकीय ध्रुवपालट

क्रांतिवृत्त

सूर्याचे ध्रुव उलटणार, अशी बातमी दर दहा-अकरा वर्षांनी फिरते आणि तिच्या पाठोपाठ जगबुडीचे व्हिडिओ. २०१३ मध्ये फिरले, २०२४ मध्ये पुन्हा फिरले. मध्ये एकदा, २०१२ च्या एप्रिलमध्ये, जपानच्या हिनोदे यानाच्या निरीक्षणांवरून 'सूर्याला चार ध्रुव होणार' असंही आलं होतं. गंमत म्हणजे ती बातमी खरी होती. फक्त मथळा वाचून डोळ्यांसमोर जे येतं तसं तिथे काही घडत नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ध्रुवपालटाला एक तारीख नसते. उत्तर आणि दक्षिण ध्रुव आपापला हिशेब वेगवेगळा मिटवतात. एक आधी, दुसरा मागाहून, कधी अडखळत, कधी अर्ध्यातून परत फिरत. बातम्या ज्याला सूर्याचं विचित्र वागणं म्हणतात, ते पहिल्या मोजणीपासून असंच चालू आहे.

ती पहिली मोजणी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी माउंट विल्सन वेधशाळेत सौरडागांच्या वर्णपटातल्या रेषा दुभंगलेल्या पाहिल्या आणि डागांमध्ये दोन-तीन हजार गॉसचं चुंबकीय क्षेत्र असतं हे दाखवून दिलं. (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक. पृथ्वीचं क्षेत्र तिच्या पृष्ठभागावर अर्ध्या गॉसच्या आसपास.) ध्रुवांवरचं सरासरी क्षेत्र मात्र जेमतेम पाच-दहा गॉस. एवढ्याशा क्षेत्राने रेषा दुभंगलेली दिसत नाही, नुसती किंचित सरकते. ते सरकणं मोजण्यासाठी हॅरॉल्ड आणि होरेस बॅबकॉक या बापलेकांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅग्नेटोग्राफ बनवला. त्यात त्यांना दिसलं की उत्तर ध्रुवावर क्षेत्र बाहेरच्या दिशेने आहे, म्हणजे धन, आणि दक्षिणेवर आतल्या दिशेने, म्हणजे ऋण. सरळसाधा द्विध्रुव, पृथ्वीसारखा.

मग १९५७ च्या मार्च ते जुलै दरम्यान दक्षिण ध्रुव धन झाला. उत्तरेने काहीच केलं नाही! ती धनच राहिली, थेट नोव्हेंबर १९५८ पर्यंत, आणि तेव्हा कुठे ऋण झाली. वर्षभराहून जास्त काळ सूर्याची दोन्ही टोकं धन होती. हॅरॉल्ड बॅबकॉकनी १९५९ च्या लेखात ही परिस्थिती अनपेक्षित असल्याचं नोंदवलं आहे. म्हणजे माणसाने पहिल्यांदा हा पालट पाहिला तोच 'विचित्र' निघाला.

चर्चेसाठी धागा मोकळा आहे. शंका विचारा, मतभेद असतील तर तेही येऊ द्या.

फावल्या_वेळात

वाचतोय. व्हिडिओवाल्यांना हा धागा कायप्पावर पाठवला तर चालेल ना?

शंकेखोर

लेख रोचक, पण पहिल्याच वळणावर गाडी अडली. दोन्ही टोकं धन कशी? लोहचुंबकाचे कितीही तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव राहतात, हे शाळेत घोकून घेतलं होतं. एकटा धन ध्रुव निसर्गात नाही. मग इथे वर्षभर दोन दोन धन ध्रुव घेऊन सूर्य काय करत होता? उपकरणच चुकत होतं असं का म्हणू नये?

डावा_उजवा

शंकेखोर, शाळेतला नियम शाबूत आहे. सूर्याच्या पूर्ण पृष्ठभागातून जेवढं क्षेत्र बाहेर पडतं तेवढंच कुठून तरी आत शिरायला हवं, बेरीज शून्य. पण आत शिरण्याची जागा समोरचा ध्रुवच असली पाहिजे असं नियम कुठे म्हणतो?

दोन्ही टोकं धन असतात तेव्हा ऋण भाग मधल्या अक्षांशांवर पसरलेला असतो. उत्तर ध्रुवातून निघालेल्या रेषा कमानी करून विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात उतरतात, दक्षिणेतून निघालेल्याही तिथेच. वर धन, मध्ये ऋण, खाली धन. ही रचना द्विध्रुव नाही, चतुर्ध्रुव आहे. आता 'चार ध्रुव' या मथळ्याचा उगम कळेल. चार वेगवेगळी टोकं फुटत नाहीत. दोन धन टोकं आणि मधला ऋण पट्टा, गणितात त्याचं नाव चतुर्ध्रुव.

शिवाय द्विध्रुव आणि चतुर्ध्रुव हे भाग कायम एकत्रच असतात. सूर्य शांत असताना द्विध्रुवाचा भाग वरचढ असतो. डाग वाढले की तो घटत घटत शून्यावर येतो, पण तेव्हा सूर्याचं चुंबकत्व संपलेलं नसतं, उलट एकूण क्षेत्र तेव्हाच सगळ्यात जास्त असतं. ते नुसतं एका अक्षावर मांडलेलं नसतं, एवढंच. 'सूर्याचं चुंबकीय क्षेत्र नाहीसं होणार' हे जे वाक्य बातमीत येतं ते म्हणूनच डोक्यात जातं.

अवकाळी

डावा_उजवा, छान समजावलंत. आता पुढचं: उलटतं तरी का? पृथ्वीचं क्षेत्र शेवटचं पूर्ण उलटून ७ लाख ८० हजारांच्या आसपास वर्षं झाली म्हणतात. सूर्याला दर अकरा वर्षांनी कसली घाई?

क्रांतिवृत्त

अवकाळी, जरा लांबण लागेल, पण या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

पृथ्वीचं क्षेत्र खोल गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडात तयार होतं आणि आपल्यापर्यंत येईतो त्याचा बारीक तपशील पुसला जातो. सूर्यावर उलट. तिथे क्षेत्र पृष्ठभागावर उसळून येतं आणि पालटाचा निदान शेवटचा अंक आपल्याला उघड्यावर बघायला मिळतो.

सूर्य घनगोल नाही, सगळीकडे सारख्या वेगाने फिरत नाही. विषुववृत्तावर एक फेरी साधारण २५ दिवसांत, ध्रुवांजवळ ३५ च्या आसपास. प्लाझ्मा (सूर्याचा तापलेला, विद्युतभारित वायू) आणि चुंबकीय रेषा एकमेकांना सोडत नाहीत. त्यामुळे उत्तर-दक्षिण गेलेल्या रेषा मधल्या भागात पुढे ओढल्या जातात आणि फेऱ्यांमागून फेऱ्या होत त्या पूर्व-पश्चिम गुंडाळल्या जातात. गुंडाळलेलं क्षेत्र पुरेसं बळकट झालं की त्याचे वळसे वर येऊन पृष्ठभाग फोडतात. वळसा जिथून बाहेर पडतो तिथे एक डाग, जिथे परत आत शिरतो तिथे दुसरा. म्हणून डाग जोडीने येतात, विरुद्ध खुणांचे, म्हणजे एक धन, दुसरा ऋण.

आता दोन नियम, दोन्ही शंभर वर्षांपूर्वीचे. हेल आणि सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये मांडलं की एका गोलार्धात, एका चक्रात (डाग वाढून पुन्हा ओसरेपर्यंतची सुमारे अकरा वर्षं), जवळपास प्रत्येक जोडीतल्या पुढच्या डागाची खूण एकच असते. दुसऱ्या गोलार्धात उलट, आणि पुढच्या चक्रात दोन्हीकडे अदलाबदल. त्यांचेच सहकारी आल्फ्रेड जॉय यांच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा नियम असा, की जोडी आडवी सरळ नसते, किंचित कललेली असते. पुढचा डाग विषुववृत्ताच्या थोडा जवळ, मागचा थोडा ध्रुवाकडे. कल अगदी काही अंशांचा. पण सगळा खेळ त्या काही अंशांवर आहे.

डाग काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत विरतात. त्यांचं क्षेत्र मात्र लगेच जात नाही, तुकडे होऊन पसरतं. पुढच्या डागांचे अवशेष विषुववृत्ताजवळ असल्याने पलीकडच्या गोलार्धातल्या विरुद्ध अवशेषांशी भिडून मिटतात. मागच्या डागांचे अवशेष उरतात. आणि पृष्ठभागावर विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारा एक संथ प्रवाह असतो, सेकंदाला १० ते २० मीटरचा. तो हे उरलेलं क्षेत्र ध्रुवाकडे वाहून नेतो.

या वेगाचा अंदाज यावा म्हणून हिशेब करून बघा. सूर्यावर एक अक्षांश म्हणजे सुमारे १२,१०० किलोमीटर. वीस अंशांवरून निघालेल्या तुकड्याला ध्रुवापर्यंत साडेआठ लाख किलोमीटर जायचं आहे. सेकंदाला १५ मीटर म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. न थांबता पावणेदोन वर्षांच्या वर लागतात, आणि वाटेत तो तुकडा झिजत, इतरांशी मिटत जातो तो वेगळाच.

मागच्या डागांची खूण त्या गोलार्धाच्या जुन्या ध्रुवाच्या बरोबर विरुद्ध असते. येणारा प्रत्येक लोट जुन्या ध्रुवाचा थोडा भाग खोडतो. सगळा खोडून झाला की तो ध्रुव शून्य. त्यानंतर येणारे लोट नवा ध्रुव बांधतात. झाला पालट. बॅबकॉक धाकटे, म्हणजे होरेस, यांनी १९६१ मध्ये हे चित्र मांडलं, आणि १९६० च्या दशकातच रॉबर्ट लेटन यांनी त्याला गणिताची जोड दिली.

आता उघड आहे की उत्तरेचे डाग उत्तर ध्रुव खोडतात आणि दक्षिणेचे दक्षिण. दोन्ही गोलार्ध एकाच वेळी कळसाला पोचले नाहीत तर पालटही एकाच वेळी होणार नाही. चोविसाव्या चक्रात (चक्रांना क्रमांक असतात, हे साधारण २००८ ते २०१९ चं) उत्तर गोलार्धाचा जोर २०११ च्या शेवटी होता आणि दक्षिणेचा २०१४ मध्ये. मग ध्रुव मागेपुढे झाले यात नवल कसलं?

शंकेखोर

चित्र पटलं. एक मात्र खटकलं. तुम्ही म्हणता गुंडाळलेल्या रेषा आतून वर येतात. त्या नेमक्या किती खोलीवर गुंडाळल्या जातात?

क्रांतिवृत्त

तिथे भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. बरीच वर्षं असं धरलं जात होतं की पृष्ठभागाखाली सुमारे दोन लाख किलोमीटरवर, उसळणारा थर आणि त्याखालचा शांत थर यांच्या सांध्यात हे घडतं. अलीकडे पृष्ठभागाजवळच्या उथळ थराकडेही बोट दाखवलं जातंय. मी मुद्दाम पृष्ठभागावर दिसणाऱ्या भागावरच लिहिलं, कारण तिथला वाहतुकीचा हिशेब बऱ्यापैकी पक्का आहे.

सावलीवाला

दुर्बिणीतून पडद्यावर सूर्याची प्रतिमा पाडून डाग टिपणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून इथे तोंड घालतो. (दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कुणीही बघू नका, हे प्रत्येक सूर्य-धाग्यावर लिहायचा माझा नेम आहे.)

धाग्यात ध्रुवांवरच्या क्षेत्राचे आकडे इतक्या सहज येताहेत की ते मोजणं किती जिकिरीचं आहे हे लपून जातंय. आपण सूर्याकडे जवळपास त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीतून बघतो. त्याचा अक्ष आपल्या कक्षेच्या लंबाशी फक्त सव्वासात अंश कललेला आहे. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तर ध्रुव आपल्याकडे जास्तीत जास्त झुकलेला, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात दक्षिण. तेव्हासुद्धा ध्रुव बिंबाच्या अगदी कडेला, चपटा दिसतो. आणि प्रत्येक ध्रुव वर्षातले सहा महिने चक्क पलीकडे असतो.

त्यात दुसरी मेख. साधा मॅग्नेटोग्राफ आपल्या दृष्टिरेषेतलं क्षेत्रच नीट मोजतो. ध्रुवावरचं क्षेत्र उभं, सूर्यातून सरळ बाहेर येणारं, म्हणजे आपल्या नजरेला जवळजवळ काटकोनात. मुळात पाच-दहा गॉस, त्यातलाही छोटासा अंश आपल्या वाट्याला! हिनोदेच्या बारकाईच्या निरीक्षणात तर असं दिसलं की ध्रुवप्रदेशात क्षेत्र सारखं पसरलेलंच नाही. हजार गॉसच्या वरचे बारके ठिपके आहेत आणि मध्ये मोकळी जागा. पाच-दहा ही नुसती सरासरी.

त्यामुळे 'अमुक महिन्यात ध्रुव शून्य झाला' यात मोजणाऱ्याने ध्रुव किती अक्षांशापासून धरला हाही भाग असतो. ५५ अंशांपासून धरला तर एक तारीख, ७० पासून धरला तर पुढची. दोन संस्थांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून कुणी काही लपवतंय असं नसतं.

अवकाळी

मग सरळ ध्रुवावर यान पाठवायचं ना? आदित्य-एल१ ला नाही का दिसत?

सावलीवाला

नाही. आदित्य-एल१ पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर आहे, पण त्याच पातळीत. त्याच्या जागेवरून अखंड सूर्य दिसतो हा फायदा, ध्रुव मात्र आपल्याला दिसतो तेवढाच.

पातळी सोडून वर-खाली जायचं म्हणजे पृथ्वीचा सूर्याभोवतीचा सेकंदाला ३० किलोमीटरचा वेग मोडून दुसऱ्या दिशेला वळवायचा. एवढं इंधन कुठलंच रॉकेट नेत नाही. म्हणून १९९० मध्ये सोडलेलं युलिसिस आधी गुरूकडे गेलं, १९९२ मध्ये त्याच्या गुरुत्वाकर्षणाने पातळीबाहेर फेकलं गेलं आणि सूर्याच्या ध्रुवांवरून तीन खेपा जाऊन आलं. त्यातली २०००-०१ ची खेप ऐन पालटाच्या धामधुमीत पडली. पण त्यावर कॅमेरा नव्हता. सौरवारा (सूर्यातून सतत बाहेर वाहणारे भारित कण) आणि त्यातलं क्षेत्र मोजलं, ध्रुवाचा चेहरा पाहिला नाही.

चेहरा पाहिला तो युरोपच्या सोलर ऑर्बिटर यानाने. फेब्रुवारी २०२५ मध्ये शुक्राजवळून जाताना त्याची कक्षा १७ अंश कलली आणि त्याच मार्चमध्ये त्याने विषुववृत्ताच्या खालून दक्षिण ध्रुवाची चित्रं घेतली. तिथे धन आणि ऋण ठिपक्यांची सरमिसळ होती. पालटाच्या काळात ध्रुवावर एकच एक खूण नसते, हे आपण इतकी वर्षं कडेने बघून म्हणत होतो. ते आता समोरून दिसलं.

बिनधास्त_काकू

सगळं वाचलं, निम्मं समजलं. एक सरळ प्रश्न विचारते. आपल्याला काय होतं? मोबाईल, विमानं, वीज?

रेडिओ_तरंग

काकू, पालटामुळे थेट काहीही होत नाही. ध्रुव शून्यातून गेल्याचा धक्का पृथ्वीला बसत नाही.

जे होतं ते डागांमुळे. पालट डागांच्या कळसाच्या आसपास येतो, म्हणून दोन्हींची गल्लत होते. १० मे २०२४ ला पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचं भूचुंबकीय वादळ आलं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलंच. ते १३६६४ क्रमांकाच्या अजस्र डागसमूहाने लागोपाठ भिरकावलेल्या प्लाझ्माच्या ढगांमुळे. एरवी ध्रुवीय प्रकाश जिथे स्वप्नातही येत नाही तिथल्या आकाशात लाली दिसली. अशा वादळात उपग्रहांचे स्थानदर्शक आकडे भरकटू शकतात, लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांत नको ते प्रवाह खेळतात, वातावरण फुगून खालच्या कक्षेतले उपग्रह थोडे घसरतात.

आमच्यासारख्या हौशी रेडिओवाल्यांना मात्र हाच सुगीचा काळ. कळसाच्या वर्षांत अतिनील आणि क्ष-किरणांमुळे आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) दाट होतं आणि २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दुपारी अगदी थोड्या शक्तीवर दुसऱ्या खंडाशी बोलणं होतं. मोठी सौरज्वाला आली की त्याच दुपारी सगळा पट्टा दहा मिनिटांत ठार मुका. ध्रुव कुठल्या खुणेचे आहेत, याने आमच्या पट्ट्यांना काडीचा फरक पडत नाही.

क्रांतिवृत्त

तरंग, सहमत. फक्त 'काहीही नाही' यात एक अपवाद घालतो, कारण तो फार देखणा आहे.

सौरवारा सूर्याचं क्षेत्र ओढत ग्रहांच्या पार पलीकडे नेतो. उत्तरेकडून आलेलं आणि दक्षिणेकडून आलेलं विरुद्ध क्षेत्र जिथे भेटतं तिथे एक पातळ विद्युतप्रवाही पडदा तयार होतो. सूर्य शांत असताना तो विषुववृत्ताच्या पातळीत बऱ्यापैकी सपाट असतो. पालट जवळ आला की गिरकी घेतलेल्या घागऱ्याच्या घेरासारखा वरखाली लाटा घेतो, इतक्या उंच की पडदा जवळजवळ ध्रुवापर्यंत पोचतो. पृथ्वी वर्षभर त्याच्या आत-बाहेर होत राहते.

दीर्घिकेतून येणारे वैश्विक किरण बहुतांशी प्रोटॉन, म्हणजे धनभारित. उत्तर ध्रुव धन असेल तर ते सूर्यमालेत ध्रुवांच्या बाजूने सरकत येतात, ऋण असेल तर या पडद्याच्या कडेकडेने. त्याचा परिणाम पृथ्वीवरच्या न्यूट्रॉन मोजणी केंद्रांत दशकानुदशकं टिपला गेला आहे. शांत सूर्याच्या काळात वैश्विक किरण वाढतात, पण त्या वाढीच्या आलेखाचा माथा एका चक्रात सपाट येतो आणि पुढच्या चक्रात टोकदार. पुन्हा सपाट, पुन्हा टोकदार. १९९६ च्या आसपास सपाट, त्याआधी १९८७ ला टोकदार. डाग मोजून अकरा वर्षांचं चक्र दिसतं, इथे मात्र बावीस वर्षांचं, कारण वैश्विक किरणांना ध्रुवाची खूण कळते. नुकत्याच झालेल्या पालटानंतर उत्तर ध्रुव ऋण आहे, तेव्हा पुढच्या शांत काळात टोकदार माथ्याची पाळी.

शंकेखोर

सपाट-टोकदार प्रकरण आवडलं. पण आता मूळ मुद्द्यावर येतो आणि थोडा असहमत होतो. 'हे असंच चालतं' असं म्हणून तुम्ही सगळंच गुळगुळीत करताय. चोविसाव्या चक्राचं काय? अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या मंडळींनी २०१८ मध्ये त्याला असामान्य पालटच म्हटलं होतं. दक्षिण ध्रुव २०१३ मध्ये उलटून मोकळा झाला. उत्तर ध्रुव मात्र २०१२ च्या मध्यावर शून्याशी आला आणि तिथेच घुटमळला. नोव्हेंबर २०१४ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षं! वर्षभर मागेपुढे होणं वेगळं आणि अडीच वर्षं ध्रुवच नसणं वेगळं. दोन्हीला एकाच मापाने मोजू नका.

क्रांतिवृत्त

अडीच वर्षं हा मोठा आकडा आहे, वाद नाही. कारण मात्र गूढ नाही. उत्तर गोलार्धातून सरळ मागच्या खुणेचेच लोट ध्रुवाकडे गेले असते तर ध्रुव शून्य ओलांडून पुढे गेला असता. तसं झालं नाही. मध्येच उलट्या खुणेचे लोटही वर गेले. एका लोटाने बांधलं ते दुसऱ्याने खोडलं, आणि ध्रुव शून्यापाशी लटकला.

असामान्य ठरवायला मात्र तुलनेला किती पालट आहेत बघा: १९५७-५८, मग १९७० च्या आसपासचा, १९८०, १९९०-९१, २०००-०१, २०१२-१४ आणि २०२३-२४. थेट मोजलेले सात. त्यातही स्टॅनफर्डच्या विल्कॉक्स वेधशाळेची सलग नोंद १९७६ पासूनची. सातांत एक वेगळा निघाला तर तो वेगळा म्हणा, खुशाल म्हणा. त्यावरून 'सूर्य बिघडला' म्हणणाऱ्यांशी माझं वाकडं आहे.

प्रतिध्वनी

सातच्या मागे जाता येतं की. कोडाईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याच्या छायाचित्रांच्या काचा जपून ठेवल्या आहेत. त्यांवर चुंबकीय क्षेत्र मोजलेलं नाही, पण हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांत काळ्या लांबट तंतूंच्या रांगा दिसतात. हे तंतू धन आणि ऋण प्रदेशांच्या सीमेवरच तरंगतात. त्यामुळे तंतूंची रांग ध्रुवाकडे सरकत सरकत ध्रुवावर नाहीशी झाली, की तिथली जुनी खूण संपली.

मकारोव्ह आणि शिवरामन यांनी १९८० च्या दशकात या नोंदींवरून मागच्या अनेक चक्रांचे पालट काढले. त्यात एकाच गोलार्धात एका चक्रात तीन तीन सीमारेषा ध्रुवापर्यंत पोचलेल्या आढळल्या. म्हणजे ध्रुव उलटला, परत जुन्या खुणेवर आला, पुन्हा उलटला. अडीच वर्षं घुटमळणाऱ्या ध्रुवाचे हे पूर्वजच म्हणायचे. शंकेखोर, तुमचं पारडं थोडं हलकं झालं!

शंकेखोर

हलकं झालं, रिकामं नाही. तंतूंवरून खूण कळते, बळ कळत नाही. तेव्हाचा ध्रुव किती कमकुवत होता हे काचेवर लिहिलेलं नाही.

आणि बळाचाच विषय निघाला तर दुसरं विचारतो. शांत काळातल्या ध्रुवाच्या बळावरून पुढच्या चक्राचं भाकीत करता येतं म्हणतात. मग पंचविसाव्या चक्राला काय झालं? जाणकारांच्या समितीने डागसंख्येचा कळस ११५ सांगितला होता, जुलै २०२५ च्या सुमारास. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४ मध्येच कळस आला आणि तो १६१ च्या घरात. हे भाकीत की शकुन?

डावा_उजवा

समितीचं भाकीत चुकलं, सारवासारव करायचं कारण नाही. पण त्याच पद्धतीची दुसरी नोंदही बघा. २००८-०९ च्या शांत काळात ध्रुव आधीच्या शांत काळांच्या जेमतेम निम्म्या बळाचे होते, आणि ते दुबळे राहणार हे त्याआधीच दिसू लागलं होतं. त्यावरून स्वाल्गार्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच सांगितलं होतं की चोविसावं चक्र शंभर वर्षांतलं सगळ्यात दुबळं ठरेल. तेव्हा नासातल्याच काहींचा अंदाज बरोबर उलटा, जोरदार चक्राचा होता. प्रत्यक्षात कळस ११६, शंभर वर्षांतला नीचांक. पद्धत चालते. ती ध्रुवाचं बळ आणि पुढच्या गुंडाळीचं बळ यांचं नातं सांगते. पण आकडा नेमका का येत नाही, याचं उत्तर क्रांतिवृत्त यांच्या काही अंशांच्या कलात आहे.

कल हा नियम सरासरीचा आहे. एकेक जोडी घेतली तर कल वाटेल तसा असतो. काही जोड्या उलट्याच कललेल्या, काही तर हेलच्या नियमाच्याही विरुद्ध. आणि एका ध्रुवावरचा सगळा चुंबकीय प्रवाह एकत्र केला तरी तो एखाद-दुसऱ्या मोठ्या डागसमूहाएवढाच भरतो. चक्रभरात असे शेकडो समूह येतात, बहुतेक सगळं आपापसात मिटतं आणि जो चिमूटभर शिल्लक उरतो तो म्हणजे ध्रुव. अशा हिशेबात विषुववृत्ताला अगदी खेटून एखादा मोठा समूह भलत्याच कलाने उगवला, की त्याचा अर्धा भाग पलीकडच्या गोलार्धात निसटतो आणि शिल्लक बदलते. तेविसाव्या चक्राच्या शेवटी ध्रुव एवढे दुबळे का राहिले, याचं एक कारण अशाच मोजक्या समूहांमध्ये सापडलं आहे. त्यातला समूह कधी, कुठे, कसा कलून येईल हे आधी सांगायची सोय नाही. म्हणून पालट होऊन शांत काळ येईपर्यंत पुढच्या चक्राबद्दल बोलणं उतावीळपणाचं.

शंकेखोर

हे मान्य. 'चिमूटभर शिल्लक' हे सुरुवातीच्या लेखातच हवं होतं. त्याने अर्ध्या शंका वाचल्या असत्या.

अवकाळी

थोडं अवांतर: दुसऱ्या ताऱ्यांचे ध्रुव उलटतात का?

डावा_उजवा

उलटतात. टाऊ बूटिस या ताऱ्याचा पालट सूर्याखेरीज पहिल्यांदा टिपला गेला, २००८ च्या सुमारास. तिथे गुरूपेक्षा जड ग्रह अगदी जवळून, सव्वातीन दिवसांत एक फेरी मारतो आणि ध्रुव सूर्यापेक्षा कितीतरी लवकर उलटतात. ग्रहाचा त्यात हात आहे का हे ठरलेलं नाही. स्वतंत्र धागा काढा, इथे गर्दी होईल.

फावल्या_वेळात

शेवटचा प्रश्न. आता इथून पुढे घरबसल्या लक्ष ठेवायचं तर कुठे आणि काय बघायचं?

सावलीवाला

विल्कॉक्स वेधशाळेच्या संकेतस्थळावर ध्रुवीय क्षेत्राचा तक्ता आहे, दर दहा दिवसांनी एक ओळ. उत्तर, दक्षिण आणि दोघांची सरासरी असे आकडे असतात, आणि शेजारी तेच आकडे गाळून दिलेले. गाळलेलेच बघा. कच्च्या आकड्यांमध्ये वर्षाची एक लाट कायम असते, ती सूर्याची नाही, सव्वासात अंशांच्या झुकण्याची. मार्चमध्ये दक्षिण फुगते, सप्टेंबरमध्ये उत्तर. ही लाट बघून 'ध्रुव पुन्हा उलटायला लागला' अशी बोंब मारणारे दरवर्षी भेटतात. तक्त्यातले आकडे मायक्रोटेस्लात आहेत, शंभराने भागलं की गॉस.

येत्या काही वर्षांत मी पालटाची तारीख शोधणार नाही. दोन्ही ध्रुव किती वेगाने भरत जातात आणि एक दुसऱ्याच्या मागे पडतो का, ते बघेन. सोलर ऑर्बिटरची कक्षा २०२६ च्या अखेरीस २४ अंशांवर आणि २०२९ मध्ये ३३ अंशांवर जायची आहे. तोवर सूर्य शांत काळाच्या जवळ आलेला असेल आणि ध्रुवांवर एकेकच खूण दाट झालेली असेल. १७ अंशांवरच्या पहिल्या नोंदींमधूनच असं पुढे आलंय की ध्रुवाजवळही क्षेत्र सेकंदाला १० ते २० मीटरने सरकतं. तिथे ते बरंच मंदावत असेल असा आधीचा समज होता. हे टिकलं तर क्रांतिवृत्त यांच्या पावणेदोन वर्षांच्या हिशेबातला शेवटचा टप्पा आपण धरत होतो त्यापेक्षा लवकर पार पडतो, आणि वाहतुकीची सगळी प्रारूपं त्याप्रमाणे हलवावी लागतील.